पुदिन्याच्या वासाचे कॉम्प्युटर

"काका, प्रोसेसरला तेल लावलं तर तो जास्त जोरात पळतो का हो?"

तोफेने प्रश्न टाकला आणि दुकानाच्या पायरीआड लपलेल्या पेन्सिल आणि बटण या तिच्या दोस्तांनी आपापली तोंडं दाबून धरली. पैज तशीच लागली होती! हा प्रश्न तिने दुरुस्तीवाल्या काकांना विचारायचा, तोही न हसता आणि खणखणीत आवाजात. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज निघत नसे, ती ही मुलगी! शाळेच्या नाटकात ऐनवेळी तिला सेनापती व्हावं लागलं आणि जो आवाज फुटला तो फुटलाच. 'तोफ' हे नाव तेव्हापासूनचं.

काकांनी टेबलावरचा एक बारीक स्क्रू उचलला आणि ओठांत धरला.

"तेल नको. ओघळतं," ते स्क्रूच्या आडून म्हणाले. "टूथपेस्ट लाव. पुदिन्याची. डोकं गार झालं, की प्रोसेसर असा सुसाट सुटतो!"

"दिवसातून दोनदा लावू?"

"एकदा पुरे. चुळा भरायला लावू नकोस म्हणजे झालं."

पायरीआडून फिस्सकन हसू फुटलं. काकांच्या ओठांत स्क्रू म्हणजे थट्टा, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. हसू बाहेर सांडू नये म्हणून ते बुचासारखा स्क्रू लावत.

कोपऱ्यातलं गिऱ्हाईक मात्र हसलं नाही. त्याच्या चेहऱ्यासमोर पसरलेलं वर्तमानपत्र तेवढं हललं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांसाठी काही जुने कॉम्प्युटर होते. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर हे त्रिकूट सुट्टीभर एका गोगलगायीची कार्टून फिल्म बनवत होतं. चित्रं तोफेची, आवाज पेन्सिलचे, आणि चुका काढायला बटण. सुट्टीच्या शेवटी सगळ्या आईबाबांसमोर ती दाखवायची होती. अडचण एवढीच, की कॉम्प्युटर गोगलगायीहून हळू चालत.

आणि एके सकाळी ते चक्क पळायला लागले!

"याला झालंय काय?" पेन्सिल डोळे फाडून म्हणाला.

"वास कसला येतोय पण?" बटणने नाक वर केलं. "दात घासल्यासारखा?"

"तुला सगळीकडे वासच येतात!"

पण पुढच्या काही दिवसांत ते पळणं संपलं. कॉम्प्युटर इस्त्रीसारखे तापायला लागले, मग एकेक करून फट्कन बंद पडले. गोगलगायवालाही गेला! बटणने मागच्या जाळीला नाक लावलं. "पुदिना! आता म्हणा मला काही!"

तेवढ्यात वाचनालयाचे सचिवसाहेब आले. "काल-परवापर्यंत कसे वाऱ्यासारखे पळत होते! खेळून खेळून जाळलेत तुम्ही! आजपासून मुलांना ही खोली बंद!"

ग्रंथपाल ताई काही बोलू पाहत होत्या, पण साहेबांनी कुलूप लावलंसुद्धा. तेवढ्यावर न थांबता ते तोफेच्या घरी जाऊन तक्रार करून आले.

"या आठवड्यात तू मावशीकडे जायचं," आई म्हणाली. "सुट्टी संपेपर्यंत तिथेच."

"आणि आमची फिल्म?"

"लोकांच्या वस्तू मोडल्यावर कसली फिल्म!" बाबांनी विषयच संपवला.

"आपण काही मोडलेलं नाही," बाहेरच्या कट्ट्यावर बसून तोफ धुमसत होती. "कुणीतरी प्रोसेसरला टूथपेस्ट फासलीये!"

"कुणीतरी काय? काकाच!" पेन्सिल कुजबुजला. "बिघडलं, की काम कुणाला मिळणार? सांग ना!"

तोफ कट्ट्यावरून ताडकन उठली. काका? त्यांच्या आवडत्या काकांवर संशय घ्यायचा? पण टूथपेस्टचं नाव त्यांच्याच तोंडून आलं होतं.

तिघं दुकानाच्या काचेला चिकटली. काकांनी एक प्रोसेसर समोर घेतला. इकडेतिकडे पाहिलं. खिशातून एक ट्यूब काढली आणि हळूच दाबली!

"पकडले!" पेन्सिल ओरडला. तोफ थेट आत घुसली. "काका! ती ट्यूब द्या इकडे!"

"अगं, ही तोफ आहे की वादळ?"

बटणने ट्यूब हुंगली. तिचा चेहरा पडला. "वासच नाही."

"कसा येईल? हा लेप आहे," काका म्हणाले. "प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा यांच्यामध्ये लावायचा. उष्णता बाहेर ओढून काढतो."

"आणि इथे टूथपेस्ट लावली तर?"

"सुरुवातीला बरं चालेल. मग वाळून खपली होईल. प्रोसेसर तापेल आणि जळू नये म्हणून बंद पडेल. का गं?"

तोफ त्यांच्या ओठांकडे रोखून बघत होती. स्क्रू नव्हता! काका खरं बोलत होते. आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"काका, तुमचा स्क्रू पाहिलेला माणूस टूथपेस्ट लावेलच कशाला? ज्याने लावली, त्याने फक्त ऐकलं होतं. बघितलं नव्हतं!"

"वर्तमानपत्र!" बटण किंचाळली.

"कोण होतं त्याच्यामागे?" तोफेने विचारलं.

काकांनी मान हलवली. "गिऱ्हाइकाचं नाव मी असं सांगायचा नाही. उगाच एखाद्यावर आळ यायचा. पण त्यांचा प्रिंटर न्यायला ते उद्या येणार आहेत."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र पुन्हा कोपऱ्यात पसरलं होतं. तोफेने घसा साफ केला.

"काका, टूथपेस्टने भागलं नाही, तर प्रोसेसर पळवायला आणखी काय करायचं?"

'प्रोसेसर' म्हणताच वर्तमानपत्र थबकलं. काकांनी स्क्रू ओठांत धरला. आज त्यांना तो जरा जास्तच घट्ट धरावा लागला.

"माउसची वायर बघ. किती वळणं असतात तिला! वळणावर वीज अडखळते. वायर सरळ ताणून टेबलाला चिकटपट्टी लाव. मग बघ मजा!"

"पट्टी कुठल्या रंगाची?"

"हिरवी! लाल लावली तर थांबेल ना!"

पेन्सिलला खोकल्याचं नाटक करत बाहेर पळावं लागलं.

मग तिघं ग्रंथपाल ताईंकडे धावली आणि त्यांना सगळं सांगितलं. ताईंनी आधी भुवया उंचावल्या, मग ओठ दाबले. "बघू या तर खरं," त्या म्हणाल्या. "चौकशीला काय जातंय?"

संध्याकाळी मागच्या खोलीचं कुलूप खडखडलं. आतून आवाज यायला लागला... चर्र! चर्र! चर्र! ताईंनी दार ढकललं.

टेबलावर माउसच्या वायरी पट्टीने आखल्यासारख्या सरळ ताणलेल्या, वर हिरव्या चिकटपट्ट्या! आणि टेबलाखालून अर्धे बाहेर आलेले सचिवसाहेब, दातांत चिकटपट्टीचा तुकडा!

"साहेब," तोफ कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "टूथपेस्टही तुम्हीच लावली ना?"

"हो, लावली! कॉम्प्युटर सुधारण्यासाठीच लावली! मी स्वतः त्या माणसाच्या तोंडून ऐकलं..." ते थांबले. "का? त्यात चुकलं काय?"

बटणने ओठांत बोट धरून दाखवलं. "तोंडात स्क्रू होता त्यांच्या!"

साहेबांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांचे कान लालबुंद झाले. "मला वाटलं, मी तर सुधारले होते, नंतर तुम्हीच बिघडवले," ते पुटपुटले. "न विचारता उघडले, ते चुकलंच. आणि तुमच्यावर ढकललं, ते त्याहून."

काकांनी येऊन वाळलेली खपली खरवडली, लेप लावला. खिडकीजवळचा कॉम्प्युटर गुरगुरला आणि पडद्यावर गोगलगायीने शिंगं बाहेर काढली. तिघांनी असा गलका केला, की वाचन कक्षातले सगळे 'शूऽऽ' म्हणाले!

"या पोरांनी आधी खात्री केली, मगच साहेबांकडे बोट दाखवलं," ताई म्हणाल्या. "आपण मोठ्यांनी आधी बोट दाखवलं."

"आणि मी थट्टा करताना आजूबाजूला बघितलं नाही," काकांनी खिशातला स्क्रू काढून तोफेच्या हातावर ठेवला. "हा तुझ्याकडे राहू दे."

सचिवसाहेब स्वतः तोफेच्या घरी आले आणि माफी मागून गेले. दार लागल्यावर आई म्हणाली, "चुकलं गं आमचं. तुला विचारायला हवं होतं." बाबा नुसतेच चष्मा पुसत राहिले.

"मग ऐका," तोफ खुर्चीवर चढली. "मी मावशीकडे जाणार नाही. सकाळी आमची फिल्म पूर्ण करणार. आणि संध्याकाळी काकांच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकणार. काका हो म्हणालेत, मीही ठरवलंय!"

बाबांनी चष्मा चढवला आणि तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "थट्टा करतेस का गं?"

तोफेने मुठीतला स्क्रू टेबलावर टण्णकन ठेवला आणि आऽऽ करून तोंड उघडून दाखवलं.

"बघा! स्क्रू नाही! शिकणार म्हणजे शिकणार!"