तीन वाजताचा वारा

लाइल, माझा थोरला भाऊ, जाऊन आठ महिने झाले होते. ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी त्याच्या वायोमिंगमधल्या रँचवर गेलो, ते माझी शिडी परत आणायला. दुसऱ्या दिवशी जमीन नव्या मालकाच्या ताब्यात जायची होती. व्हर्ना वहिनी मांडीवर बंदूक घेऊन पायरीवर बसली होती.

"भाऊजी, जायच्या आधी ती प्लेट एकदा वाजवायचीय."

घळीपलीकडे, बाराशे दहा यार्डांवर, लाइलने एक पोलादी प्लेट टांगली होती. वीस वर्षं गोळ्या झाडल्या, पण तिचा टण् आवाज काही त्याच्या नशिबी नव्हता. मी फोनवरचं ॲप सुचवलं की खेकसायचा, "फोनला काय वारा लागतो का रे?" मग गवताकडे बघून स्वतः वारा सांगायचा आणि हमखास चुकायचा. फार आठवण येते त्याची, खोटं कशाला बोलू.

वहिनीने मात्र ते ॲप शिकून घेतलं होतं. अंतर घाला, वारा घाला, गोळी किती खाली आणि किती बाजूला जाईल ते सांगतं. वारा घड्याळाच्या भाषेत घालायचा. निशाण बारावर धरायचं. वारा डावीकडून आला तर नऊ, उजवीकडून आला तर तीन.

आम्ही चटईवर पालथे पडलो. वारा डावीकडून होता, म्हणून मी तिच्या फोनवर नऊ घातले. बघतो तर तीन. पुन्हा नऊ घातले, पुन्हा तीन.

"बोटं जाडी झालीत तुमची," वहिनी म्हणाली.

तिसऱ्यांदा तीन दिसले तेव्हा मी दुर्बीण प्लेटकडे वळवली. प्लेटपाशी उभं राहून आमच्याकडे तोंड केलं, तर हाच वारा उजवीकडून येतो. तिथून बघणाऱ्याला तीनच बरोबर होते. दुर्बिणीत मात्र नुसती झुडपं दिसत होती.

गोळी बाजूला किती जाईल ते ॲपने सांगितलंच होतं. आकडा तोच, फक्त बाजू उलटी करून तिला तोंडी सांगितला. तिने चाप ओढला. मी पाचपर्यंत मोजलं, आणि घळीपलीकडून आवाज आला... टण्.

वहिनीला रडूच फुटलं. "ऐकलंस ना, लाइल?"

तेवढ्यात फोनवरचं अंतर आपोआप हललं. बाराशे दहाचे अकराशे नव्वद झाले. मग अकराशे सत्तर. मध्येच थांबायचं, पुन्हा कमी व्हायचं, दुखऱ्या गुडघ्यांनी लाइल चालायचा तसं.

"वहिनी... ऊठ. गाडीत बस."

"येऊ द्या," ती हळूच म्हणाली. "उद्या मी डेन्व्हरला बहिणीकडे जाणार. मग इथे येऊन तो कोणाला शोधणार?"

आकडा एकवर येऊन थांबला. वहिनी चटईवर थोडी सरकली, कुणाला जागा द्यावी तशी. गाडीतही आकडा एकच राहिला, आणि ती डेन्व्हरला गेली तर तिथेही. रोज फोन करून सांगायची. तिच्या आवाजात समाधान असायचं, आणि मलाही बरं वाटायचं.

परवा तिचा फोन आला.

"भाऊजी... आकडा वाढायला लागलाय. कालपासून चालतोय तो."

"कुठल्या दिशेने?"

"तुमच्या... त्या रस्त्याला गाडी घातली की आकडा कमी होतो."

दार लावून घेऊन काही उपयोग नाही. माझ्या घराची एक चावी कायम त्याच्या खिशात असायची, आणि तो गेल्यावर त्याच्या सामानात ती आम्हाला सापडलीच नाही.