मणलपिट्टीवरची पाटीभर अंडी

कासमी आला तो काखेत उशी मारूनच.

हमसाच्या हातातला चहा हातातच राहिला. त्यांच्या बेटावर नवरा रात्री बायकोच्या घरी जातो आणि सकाळी आपल्या आईकडे परततो. सासूने जावयाची उशी बाहेर टाकली, की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

"बस," नल्लकोया म्हणाला. कोचीच्या पोलिसांत उभी हयात काढून तो बेटावर परतला होता, आणि आता धक्क्यावरच्या चहाच्या दुकानामागे बाकडं टाकून लोकांच्या भानगडी सोडवायचा. हमसा त्याच्या बायकोचा भाऊ. डोक्याने त्याचा फारसा उपयोग नव्हता, पण होडी त्याची होती.

कासमीने नाक पुसत सांगितलं ते असं. मणलपिट्टी हा पोवळ्याचा उघडा तुकडा, माणसाची वस्ती नाही, नुसती समुद्रपाखरं अंडी घालतात. पाखरं जिथे घिरट्या घालतात तिथे कुपा मासा सापडतो, म्हणून आजोबांच्या काळापासून सगळ्या बेटाची शपथ आहे: अंड्याला हात लावायचा नाही. लावणाऱ्याला हंगामभर समुद्रबंदी. परवा कासमी ज्या होडीवर जातो ती होडी आमिषाचे बारके मासे धरायला पिट्टीपाशी थांबली होती. घरी परतल्यावर कासमीच्या जाळ्याखाली पाटीभर ठिपक्यांची अंडी निघाली.

"मी पिट्टीवर पाय ठेवला नाही, काका. बाकीचे खडकावर होते, मी होडीत झोपलो होतो. पण आमच्याच होडीवरचा माझा मेव्हणा मुत्तू म्हणतो, त्याने मला डोळ्यांनी पाहिलं." कासमीचा आवाज ओलावला. "सबीराचे दिवस भरत आलेत. मूल होईल आणि मी दाराबाहेर उशी घेऊन बसेन."

नल्लकोयाने हमसाला होडी काढायला लावली.

पिट्टीवर उतरायची पाळी अर्थातच हमसावर आली. नल्लकोया छत्री उघडून होडीत बसला. हमसा दहा पावलं गेला असेल नसेल, तोच हजार पाखरं एकदम उठली आणि त्यांनी वरून जो अभिषेक सुरू केला, की हमसाला पुढचं दिसेना.

"अंडी केवढी आहेत?" होडीतून आवाज आला.

"लिंबाएवढी. दाजी, माझा नवा शर्ट."

"चालत राहा."

परतल्यावर हमसाच्या आईने तो शर्ट राखेने घासला, साबणाने घासला, शेवटी शिव्यांनी घासला. डाग गेले नाहीत.

मग ते मूप्पनकडे गेले. मूप्पन म्हणजे गावातला ज्येष्ठ, शपथेचा राखणदार. त्याने पाटी दाखवली आणि स्वतः तोंड फिरवलं. हे पाप त्याने जन्मात पाहिलं नव्हतं आणि आताही पाहणार नव्हता. हमसाने एक अंडं मुठीत धरून पाहिलं, बोटं जुळेनात. नल्लकोयाने परवानगी मागून ते खिशात टाकलं.

कासमीची सासू, म्हणजे सबीराची उम्मा, आई, कुंजीबी ओसरीवर काथ्या वळत होती. जावयाचा उद्धार करून झाल्यावर ती उंदरांकडे वळली. आठवडाभर कोंबड्यांच्या खुराड्यात एक अंडं मिळत नव्हतं, आणि पोटुशा पोरीला द्यायचं काय?

दाराआडून सबीरा म्हणाली, "ते खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायला जागं राहावं लागतं."

तिचा थोरला भाऊ मुत्तू, अजून बिनलग्नाचा, ओसरीच्या टोकाला बसला होता. नुकताच कालवं आणि आठपाय, म्हणजे ऑक्टोपस, धरून आला होता, नखं काळी आणि डोळे लाल. बोलता बोलता त्याने चारदा जांभई दिली. डोक्यावर मंगळूरहून मागवलेली पांढरीशुभ्र टोपी.

"पाखरांच्या ऐन मधून चालत गेलो," तो म्हणाला. "हा पलीकडे वाकून अंडी वेचत होता."

"झकास टोपी," नल्लकोया म्हणाला. "नवी?"

"परवाच पहिल्यांदा घातली, पिट्टीवर. दिवसभर काढली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नल्लकोयाने सगळ्यांना त्याच ओसरीवर जमवलं. कासमी पायरीवर उशी घेऊन बसला.

"हमसा, पाठ दाखव."

हमसाने लाजत पाठ दाखवली. मुलं हसली.

"पाखरांमधून चाललेला माणूस असा दिसतो," नल्लकोया म्हणाला. "धुऊनसुद्धा. आता मुत्तूची टोपी बघा. मुत्तू पाखरांत गेलाच नाही, मग त्याने कासमीला पाहिलं कुठून?"

मुत्तूने टोपी चाचपली. "मग अंडी काय आभाळातून पडली?"

"पिट्टीवरून तर नाही आली. तिथलं अंडं लिंबाएवढं, पाटीतलं हमसाच्या मुठीत मावत नाही." त्याने खिशातलं अंडं काढलं आणि त्यावर लिंबू पिळून धोतराने पुसलं. ठिपके पुसले गेले. "आठपायाची शाई. गावात हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण गाव प्रामाणिक आहे. दोन पिढ्यांत कोणी पाखराचं अंडं हातात धरलेलं नाही. ठिपके दिसले, की सगळ्यांनी तोंडं फिरवली."

मूप्पनने पहिल्यांदा अंड्याकडे नीट पाहिलं आणि ओशाळला.

कुंजीबीने मात्र ते हिसकावून घेतलं. "हे माझ्या तांबडीचं आहे."

"उंदीर ओसरीतच बसलाय, उम्मा. खुराडं घरचं, नखांना शाई त्याच्या, आणि जाळ्यापर्यंत हात पोचणारा होडीवाला तोच. का केलंस ते बोल, मुत्तू. की तुझ्या जांभया सांगतील?"

मुत्तूचा धीर सुटला. "माझी पथारी त्यांच्या भिंतीला लागून आहे. लग्न झाल्यापासून मी झोपलेलो नाही. हा घोरतो तेव्हा कौलं हलतात. मला फक्त ह्याची उशी बाहेर हवी होती. समुद्रबंदी होईल हे डोक्यातच आलं नाही, खरंच."

कुंजीबी उठली, पायरीवरून उशी उचलली आणि ती मुत्तूच्या पाठीत चांगली हाणली. मग झटकून कासमीच्या हातात दिली. "चूक झाली, बाबा. आत जा, पोरगी वाट बघतेय." आवाज तिचाही जरा ओला झाला होता. "आणि मुत्तू, तुझं लग्न ह्याच महिन्यात लावते. मग रात्री तू दुसऱ्याच्या घरी असशील."

कासमी उशी छातीशी धरून आत गेला. सबीराचं रडणं आणि हसणं एकदमच ऐकू आलं. तीन रात्री जागलेला तो बिचारा, टेकल्या टेकल्या त्याचा डोळा लागला असावा. मूप्पन समुद्रबंदी उठल्याचं सांगतच होता, तेवढ्यात भिंतीपलीकडून पहिली घरघर आली, आणि ओसरीवरचे चहाचे पेले किणकिणले.

मूप्पन थांबला. हमसाने नकळत वर कौलांकडे पाहिलं.

मुत्तू पाठ चोळत हळूच म्हणाला, "उम्मा, मुलगी जरा लांबची बघ."