दोन समुद्रगायी, एक कुरण

“माझी खुर्ची घेतली, माझा कप घेतला, आता आजोबासुद्धा,” कवटीवरची धूळ ब्रशने झाडताना शाल्मली पुटपुटली. शेजारी उभ्या असलेल्या ठमीने, म्हणजे आजोबांच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रबाईने, ते नेमकं ऐकलं.

“आजोबा कुणाच्या मालकीचे, याची माझ्याकडे माहिती नाही,” ठमी म्हणाली.

“तू गप्प बस गं.”

आतेबहीण ऋजुता भुजच्या घरी राहायला आली, त्याला चार महिने झाले होते. तिची आई तीन वर्षांसाठी मंगळावर कामाला गेली होती. पोर रडेल म्हणून तो विषय घरात कुणी काढत नसे. उद्या आजोबा जीवाश्म (दगड झालेले अवशेष) शोधायला नदीकाठी जाणार होते, आणि गाडीत जागा एकीलाच होती.

आजोबांनी दोन कवट्या पुढे ठेवल्या. “या दोन समुद्रगायी. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. दोघी एकाच कुरणात समुद्रगवत (तळाशी वाढणारी गवतासारखी वनस्पती) चरायच्या. मग एक उपाशी कशी मेली नाही?”

“दुसरीने हाकलली असेल तिला,” शाल्मली म्हणाली.

ऋजुताने त्यातली एक कवटी उचलून हातात घेतली.

“वरून सारख्याच दिसतात. आता बाजूने बघा. ही डोम्निंगिया. हिचे सुळे मोठे. त्यांनी ती चिखल उकरून मूलखोड (जमिनीखाली आडवं वाढणारं जाड खोड) खात असावी. आणि या दुसरीचे सुळे लहान, म्हणजे ही पानं आणि बारीक मुळं खात असावी. याला अन्नविभागणी म्हणतात (एकाच जागी राहून वेगवेगळं खाणं). तोंड वेगळं, घास वेगळा.”

“डोम्निंगिया आता कुठे आहे?” ऋजुताने विचारलं.

“कुठेच नाही. पण तिची लांबची नातलग, डुगाँग, अजून कच्छच्या आखातात चरते. गवत राखलं तर तुमच्या नातवंडांनाही दिसेल.”

“आजोबा, ते गायींचं झालं,” शाल्मली म्हणाली. “आमची तोंडं सारखीच आहेत. दोघींना तीच जागा हवी. आणि तुम्हीच हवे.”

आजोबा चष्मा पुसत बसले. तो मघाशीच पुसून झाला होता.

ऋजुताने कवटी हळूच खाली ठेवली.

“जागा तू घे, शाल्मली. आजोबा पण तुझेच. मला आई हवीय,” ती म्हणाली. “आणि या घरात तिचं नावसुद्धा कुणी काढत नाही.”