न मिटलेलं अवतरण

माझं टेबल खिडकीशेजारी आहे. खिडकीची कडी सैल आहे आणि वारा आला की तावदान हळूच आपटतं, पण जागा उजेडाची आहे म्हणून मी तक्रार करत नाही. तक्रार करण्याचा माझा स्वभावही नाही. गंमत अशी की माझं काम मात्र तक्रारी लिहिण्याचं आहे.

माझी पुतणी कंपायलर तयार करणाऱ्या एका गटाची प्रमुख आहे. कंपायलर म्हणजे दुभाषा, असं तिने मला समजावलं होतं. प्रोग्रॅमर जे लिहितो ते वाचून तो यंत्राला कळेल असं करून देतो. लिहिण्यात चूक असली तर अडून बसतो आणि संदेश देतो.

"काका, आमचा दुभाषा लोकांच्या अंगावर धावून जातो," ती म्हणाली होती. "त्याला जरा नीट बोलायला शिकवा."

मी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याची चूक हळू आवाजात दाखवणं एवढंच मला येतं, आणि तेही येतं की नाही याची मला कधी खात्री नव्हती. पण मी आलो. आता या दुभाष्याचे जवळजवळ सगळे संदेश माझ्या शब्दांत आहेत. प्रत्येक संदेश पाचसहा ओळींचा असतो. वर काय चुकलं ते, मग प्रोग्रॅमरची स्वतःची ओळ, तिच्याखाली चुकीच्या जागी बाण, मग टीप, शेवटी मदत. चूक अनेक ओळींवर पसरली असेल तर समासात एक उभी पट्टी येते, चूक सुरू होते तिथपासून संपते तिथपर्यंत. कुणा परक्या माणसाने एकदा कळवलं होतं, की तुमचे संदेश वाचून चुकल्याची लाज वाटत नाही. ते वाक्य मी कुणाला दाखवलं नाही, पण पाठ केलं.

संदेश बिघडू नयेत म्हणून चाचण्या असतात. एक मुद्दाम चुकवलेला छोटा प्रोग्रॅम आणि शेजारी त्याचं अपेक्षित उत्तर. यंत्र रोज सकाळी सगळ्या चाचण्या चालवतं आणि आलेला संदेश अपेक्षित उत्तराशी अक्षरन् अक्षर ताडून पाहतं. एका रिकाम्या जागेचा फरक पडला तरी लाल, म्हणजे नापास. नवा संदेशच बरोबर असेल तर 'स्वीकार' अशी आज्ञा द्यायची, की तोच अपेक्षित ठरतो. आज्ञा देण्याआधी प्रत्येक बदल डोळ्यांखालून घालायचा असतो. घाईत कुणी घालत नाही.

यातली एक चाचणी मी स्वतः लिहिली होती. अवतरणचिन्ह उघडलं आणि मिटायचं राहिलं, तर दुभाषा पुढचं सगळं त्या अवतरणातच धरत जातो. फाइल संपली की थांबतो आणि सांगतो, अवतरण इथे उघडलं, मिटलेलं नाही. उदाहरणाला एक अर्धं वाक्य हवं होतं. माझ्याजवळ एक होतं.

"छोट्या, ऐक, तुला एक

दादाचं, म्हणजे पुतणीच्या वडिलांचं, हे शेवटचं बोलणं. एवढं बोलून त्याला झोप लागली, ती मोडलीच नाही. तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. मला छोट्या म्हणणारंही दुसरं कुणी नव्हतं. शेवटची काही वर्षं दादाला काही आठवत नसे. स्वतःच लिहिलेली चिठ्ठी दाखवून तो विचारायचा, हे कुणी लिहिलं? पुतणीने ती वर्षं काढली आहेत, हे मी विसरू शकत नाही.

नवी आवृत्ती बाहेर पडायला आठवडा असताना ती चाचणी लाल झाली.

"काका, तुमचं पोरगं नापास झालंय," टेस्टरबाई पलीकडून ओरडल्या. चाचण्यांचं खातं त्यांचं. पुतणी काका म्हणते म्हणून सगळं ऑफिस मला काका म्हणतं.

मी पाहिलं. संदेशातली उभी पट्टी एका ओळीने लांबली होती. फाइल संपते त्याच्या खाली आणखी एक ओळ दाखवली होती. रिकामी. मी फाइल उघडली. तिच्यात ती ओळ नव्हती.

"चष्मा पुसा आधी," टेस्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनीही पाहिलं आणि हसायच्या थांबल्या. चाचणी दुसऱ्या यंत्रावर चालवली. तिथेही तसंच.

दुसऱ्या दिवशी ती ओळ रिकामी नव्हती.

छोट्या, ऐक, तुला एक
चष्मा पुसा आधी

"काका, हे काय हो? माझीच चेष्टा?" टेस्टरबाईंनी विचारलं.

मी नाही म्हणालो. पण म्हणताना माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. मी लिहिलं असेल का? लिहून विसरलो असेन का? त्या दिवशी मी घरी जाऊन शेजाऱ्यांची नावं, छापखान्यातल्या मशीनमनची नावं, सगळी आठवून पाहिली. आठवली. तरी दादालाही सुरुवातीला सगळं आठवायचंच.

पट्टी रोज लांबत गेली. खोलीत बोललेलं एखादं वाक्य, साधं, बिनमहत्त्वाचं, तिच्याशेजारी येऊन बसायचं. कुणीतरी जिन्यात म्हटलेलं 'दिवा घालवा'. फोनवरचं 'पोचलास का'. दुभाषा अवतरण मिटायची वाट पाहत होता आणि मिळेल ते आत घेत होता. यंत्राला कान नाहीत. मी वाकून टेबलाखालीसुद्धा पाहिलं.

एके सकाळी शेवटची ओळ होती, 'काका, तुम्हाला बरं वाटतंय ना?'

असं मला कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी पुतणी माझ्या टेबलाशी आली. खुर्ची ओढून बसली. माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली. हे पाहणं मी ओळखतो. ती दादाकडे असं पाहायची.

"काका, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"अगदी ठणठणीत," मी म्हणालो. माझे हात टेबलाखाली होते.

"टेस्टरबाई म्हणत होत्या, ती एक चाचणी..."

"बघतो मी ती, बाळ."

"बघा. नाही जमलं तर सांगा, आपण ती काढून टाकू. पण उद्या नवी आवृत्ती बघायला पाहुणे येतायत, त्यांच्यासमोर तुम्हाला बसायचंय हं. दांडी मारायची नाही."

सांगितलं असतं, तर ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली असती, प्रेमाने. आणि मग संदेश कुणा दुसऱ्याने लिहिले असते. मी सांगितलं नाही.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी चाचणी चालवली. पट्टी लांबलचक झाली होती आणि पहिल्यांदाच तिला खाली टोक होतं.

| तरी गोष्ट झकास जमली"
|____________________^ अवतरण इथे मिटलं

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. असा संदेश आमच्या दुभाष्याकडे नाहीच. सगळं ठीक झालं की तो गप्प बसतो. पण वाक्य चांगलं होतं. आखूड, कुणाला दोष न देणारं. मी असंच लिहिलं असतं. त्या भीतीतही मला, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमान वाटला.

दुपारी खोली भरली. पुतणी पडद्यापाशी उभी होती. तिने एक चुकीचा प्रोग्रॅम चालवला, पडद्यावर माझा संदेश आला आणि पाहुण्यांपैकी एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "अरे, हा संदेश तर समजतो!" मग तिने दुसरा दाखवला, तिसरा दाखवला. लोक हसत होते, मान डोलवत होते.

"हे सगळे शब्द माझ्या काकांचे आहेत," ती म्हणाली. "ते तिथे बसलेत, खिडकीजवळ, टेबलामागे लपायचा प्रयत्न करतायत."

टाळ्या झाल्या. मला कुठे पाहावं कळेना. मी तिच्याकडे पाहिलं. एवढीशी होती, दादाच्या खांद्यावर बसायची, आणि आज तिच्या एका शब्दाला खोली शांत होत होती.

तेवढ्यात ती बोलायची थांबली. हात अर्धवट वर राहिला. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"तरी गोष्ट झकास जमली," ती म्हणाली.

आवाज तिचाच होता.

मग हात खाली आला आणि ती पुढच्या मुद्द्याकडे वळली.

मागाहून मी तिला विचारलं. "मी? असं म्हणाले?" ती हसली. "म्हणाले असेन. खरंच आहे ना ते."

छोट्या, ऐक, तुला एक तरी गोष्ट झकास जमली.

दादा असाच होता. शाबासकी द्यायचा तीसुद्धा टपली मारून. मी खिडकीकडे तोंड करून बसलो आणि डोळे पुसले. आयुष्यात मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. शंका घ्यायला जागाच उरली नव्हती.

निघताना टेस्टरबाई पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, "काका, तुमचं पोरगं पास झालं हं. पाहुण्यांच्या आधी मी सगळं एकदम स्वीकारून टाकलं."

"वाचलंत का?"

"एवढं वाचत बसले असते तर झालंच असतं! शब्द तुमचेच दिसत होते."

त्या गेल्यावर मी अपेक्षित उत्तर उघडलं. वर दादाचं वाक्य होतं, मधे इकडचं तिकडचं बोलणं, खाली मिटलेलं अवतरण. पट्टी संपली होती.

तिच्याखाली एक नवी पट्टी सुरू झाली होती.

| "बाळ, ती खिडकी जरा
| ^ अवतरण इथे उघडलं
= टीप: हे मिटलेलं नाही

पुतणीला बाळ मीच म्हणतो.

हे वाक्य मी अजून बोललेलो नाही. दादाचंही शेवटचं असंच अर्धं होतं.

नवी आवृत्ती बाहेर पडली. संदेशांचं कौतुक होतं आहे, परक्या लोकांची पत्रं येतात, पुतणी ती मला मोठ्याने वाचून दाखवते. ती चाचणी मी काढलेली नाही. तिच्यात दादा आहे. रोज सकाळी ती चालते आणि हिरवी होते. उत्तर अपेक्षेप्रमाणे येतं.

आज वारा आहे. तावदान आपटत होतं. पुतणी समोरच बसली होती, तिने मान वर करून पाहिलं.

ते वाक्य मी बोललो नाही. उठलो आणि खिडकी स्वतःच लावून घेतली.