रजयांखालची काठी

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही घोड्यावर बसला आहात. मार्च संपत आलाय. पडतंय ते पाऊस आहे की बर्फ, हे त्यालाच ठरवता येत नाहीये. खाली चिखल, बाजूला नारिन नदीचा खळाळ. घोड्यावरून सगळ्यांच्या टोप्या तेवढ्या दिसतात, आणि तुम्ही कसे चालता हे कुणी विचारत नाही. कारण चालतोय तो घोडा.

सालकिनला घोडा आवडायचा तो एवढ्यासाठीच.

त्या दिवशी ती लोकरीची दोन पोती घेऊन नदीच्या वळणावरच्या गिरणीत पिंजून घ्यायला आली होती. मागे तिची सात वर्षांची भाची तुमार, आत्याच्या कमरेला घट्ट मिठी मारून बसलेली. गिरणीच्या दारात एक नवाच तरुण उभा होता. केसांत, भुवयांत लोकरीचे तंतू अडकून पंचविशीतच म्हातारा दिसत होता. त्याचं नाव एर्मेक.

“उतरा की खाली,” तो म्हणाला.

“पोती उतरव तू. मी इथंच बरी.”

“भिजाल.”

“मेंढ्या भिजतात, तेव्हा बोलावतोस का त्यांना आत?”

“मेंढ्या माझ्याकडे असं बघत नाहीत.”

“असं म्हणजे?”

“असं... वरून.”

तुमार आत्याच्या पाठीत तोंड खुपसून खिदळली.

दुसऱ्या खेपेलाही सालकिन उतरली नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलं, “झोपताही घोड्यावरच का?”

“हो. आणि घोडा माझ्या अंथरुणात.”

तो इतका हसला, की भुवईवरचे तंतू उडाले. मग पोतं खांद्यावर तसंच ठेवून म्हणाला, “एवढ्या लोकरीचं करता काय?”

“शिरदाक. बसायला अंथरतो ते. लोकर दाबून केलेला लाल नमदा आणि तसाच काळा नमदा एकावर एक ठेवायचा, आणि एकाच सुरीनं दोन्ही कापायचे. लालातून निघालेली शिंगाची नक्षी काळ्यात बसते, काळ्यातली लालात. हात चळला, तर मात्र दोन्ही वाया.”

“चळतो का तुमचा?”

तिनं हातमोजा काढून पंजा त्याच्यासमोर धरला. तर्जनीच्या मुळाशी सुरीचा घट्टा होता, जर्दाळूच्या बीसारखा टणक. त्यानं बोट पुढे केलं... थांबला... तिच्याकडे बघितलं. तिनं हात मागे घेतला नाही. मग त्यानं अगदी हळूच त्या घट्ट्यावर बोट टेकवलं. घोड्यानं कंटाळून फुरफुर केली.

चौथ्या खेपेला वाटेतच सालकिन म्हणाली, “तुमार, आज मी उतरणार आहे.”

“पडलीस तर?”

“तर उचल.”

ती उतरली. खोगिराखालून काठी ओढली आणि चिखलातून दाराकडे निघाली. चार वर्षांची असताना तापात तिचा उजवा पाय गेला होता. तो तिच्या मागून येत होता, ओढल्यासारखा.

एर्मेक बघत राहिला. एक क्षण, दोन क्षण. जरा जास्तच. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. चांगली माणसंही असं बघतात.

“बोल काहीतरी,” सालकिन म्हणाली.

“आधी सांगायचं ना...”

“सांगितलं असतं तर?”

“तर ती तिसरी पायरी नीट केली असती. डळमळते. मीच दोनदा आपटलोय.”

पुढच्या आठवड्यात पायरीवर नवी फळी होती, आणि भिंतीला एक लाकडी कठडा. बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर.

“माझी उंची कशी कळली?”

“तुझ्यातून घोडा वजा केला.”

त्या दिवशी लोकर पिंजून झाली, पोती भरून झाली, तरी कुणी हलेना. शेवटी तो म्हणाला, “आईला पाठवू? कानातलं घेऊन?”

आमच्याकडे मुलाच्या आईनं मुलीच्या कानात चांदीची डुलं घातली, की ठरलं. ती पुन्हा काढणं म्हणजे दोन्ही घरांची मान खाली.

“तिला पायाचं सांगितलंस?”

तो बाहीवरचे तंतू वेचायला लागला. “तिला आधी तुझे हात बघू दे. पाय आधी सांगितला, तर ती हातांपर्यंत पोचणारच नाही.”

“म्हणजे तूही मला लपवणार?”

एर्मेकनं बाहीवरचा आणखी एक तंतू वेचला. पण ती ‘नको’ही म्हणाली नाही.

घरी ती काही बोलली नाही. खरंच कुणी येईल यावर तिचा विश्वास असता, तर बोलली असती. तिच्या घरात कोठीच्या दाराला बाहेरून कडी होती. ती का, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीला, जिबेकला, मागणी घालायला लोक आले. चहा चालू होता. तेवढ्यात सालकिन काठी टेकत सरपण घेऊन आत आली. पाहुण्यांपैकी एक बाई कुजबुजली, “या घरचं रक्त बरं दिसत नाही.” चहा अर्धा सोडून सगळे उठले. जिबेक आठ दिवस रडली. नवव्या दिवशी आईनं सुताराला बोलावलं आणि कडी बसवून घेतली. तेव्हापासून पाहुणे येणार असले, की सालकिन आपण होऊन कोठीत जायची. कुणाला ढकलावं लागत नसे. मला या सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच.

एप्रिल संपता संपता निरोप आला: “तुमच्या घरी मुलगी, आमच्या घरी मुलगा. चहाला येतो.” मुलीचं नाव घ्यायची रीत नाही, मुलानं आईजवळसुद्धा. मुलानं सोबत यायचीही नाही. निरोप जिबेकसाठीच, असं आईनं धरलं. काठीवाल्या मुलीला कुणी मागेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिनं कोठीत उशी ठेवली, चहाची किटली ठेवली, रुमालात कणकेचे तळलेले गरम बोरसोक बांधून ठेवले. ती दुष्ट बाई नव्हती, मुलांनो. पण ठकठक ऐकू जाईल म्हणून काठी मात्र तिनं काढून घेतली आणि बैठकीतल्या रजयांच्या चळतीत खुपसली. मग नातीला कोठीच्या दारापाशी बसवलं.

“कुणी विचारलं, तुला आत्या किती, तर काय सांगशील?”

“दोन,” तुमार म्हणाली.

“एक.”

“पण आजी—”

“एक म्हणायचं! जिबेकचं पुन्हा मोडलं, तर ते तुझ्यामुळे.”

पाहुणे आले. पुढे एक ठेंगणी, गोरीपान बाई. चहा झाला, लोणी झालं, हवापाण्याचं झालं. कोठीचं दार बैठकीलाच लागून. तुमार दाराला पाठ लावून ऐकत होती, आणि दारापलीकडे सालकिन.

“विहीणबाई,” ती गोरी बाई म्हणाली, “माझा एर्मेक गिरणीत लोकर पिंजतो...”

दारामागे किटलीचं झाकण पडलं.

तुमारनं फटीला तोंड लावलं. “आत्या! तो आपला एर्मेक! ते तुझ्यासाठी आलेत!”

आतून आवाज आला, जमिनीलगत बसलेल्या माणसाचा. “गप्प बस, तुमार. मी बाहेर आले, तर जिबेकचं मोडेल.”

“पण ते जिबेकचं नाहीच आहे!”

“कडीला हात लावू नकोस. तुला माझी शपथ.”

बैठकीत जिबेकला पुढे बसवलं होतं. तिला कुठला एर्मेक, काही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी कुणीतरी आलं होतं, एवढंच तिला कळत होतं. एर्मेकच्या आईनं पुडीतून डुलं काढली. मग जिबेकचा हात हातात घेतला आणि बोटं चाचपली. एकदा, पुन्हा एकदा.

“बोटं मऊ आहेत गं पोरीची.”

“आता काम कमी असतं,” आजी घाईनं म्हणाली. “घाला की कानात. चहा निवतोय.”

“तो तर म्हणाला होता, आई, जिच्या बोटाला सुरीचा घट्टा आहे, तिच्याच कानात घाल. तीनदा म्हणाला.” तिनं बसल्याजागचा शिरदाक हातानं कुरवाळला. “हा कापला कुणी?”

जिबेकनं मान खाली घातली.

एर्मेकच्या आईनं इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर कोठीच्या दारापाशी बसलेल्या मुलीवर थांबली. मुलं खोटं बोलत नाहीत, असं मोठ्यांना वाटतं. खोटं त्यांना शिकवणारे कोण, ते मात्र मोठे विसरतात.

“इकडे ये गं बाळ,” ती म्हणाली. “तुला आत्या किती?”

सगळे तुमारकडे बघायला लागले. आजीचे ओठ न बोलता हलले: एक. जिबेकच्या डोळ्यांत पाणी होतं. पाठीमागच्या फळ्यांमधून कुणीतरी श्वास रोखून धरल्याचं तुमारला कळत होतं.

ती उठली. सरळ रजयांच्या चळतीपाशी गेली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि जोर लावून ओढलं. सात रजया धाडधाड कोसळल्या. आजीच्या हातातली वाटी कलंडली, शिरदाकच्या लालावरून काळ्यावर चहा पसरत गेला. एर्मेकच्या आईच्या चिमटीत एक डूल तसंच लोंबत राहिलं.

तुमारनं ती काठी दोन्ही हातांत आडवी धरली, सगळ्यांच्या मधून चालत कोठीपाशी गेली, टाचा उंचावल्या, आणि कडी काढली.