दीड बाहीचा स्वेटर

"नाही गं ताई, इथला माणूस हूं की चूं करत नाही. खिडकीत दगड बसवलाय नुसता. दिसायला बरा आहे... पण दगडच."

खिडकीतल्या दगडानं पेन खाली ठेवलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "काय हरवलंय तुमचं?"

तिनं फोन कानावरून काढून खिडकीच्या फळीवर ठेवला. परक्या देशात, रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत आपली भाषा अशी समोर येऊन उभी राहील, हे कुणाच्या ध्यानीमनी असतं?

"स्वेटर," ती पुटपुटली. "म्हणजे... अजून व्हायचाय."

कवळ्या बनवायच्या कारखान्यात तिची नोकरी होती. दिवसभर टेबलावर तोंडंच तोंडं, पण बोलणारं एकही नाही. खोलीवर परतलं की किटली तेवढी शिट्टी मारायची. अशा माणसाच्या जमेला काय असणार? तिच्या जमेला होती एक कापडी पिशवी. आईनं तिच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर दुसऱ्या बाहीवर आला आणि आई गेली. तिला स्वतःला विणता येत नव्हतं. तरी रोज गाडीत बसली की ती तो मांडीवर काढून ठेवायची, जणू आता विणायलाच घेणार आहे.

परवा गाडीत शेजारी बसलेल्या आजींनी त्याकडे पाहून हसत काहीतरी विचारलं. कुणी आपणहून बोलायची सवयच मोडलेली. शब्द शोधता शोधता ती अशी गडबडली, की पुढचं स्टेशन येताच उतरून पळाली. स्टेशन तिचं नव्हतंच. आणि स्वेटर गाडीत.

"आधी वर्णन सांगायचं, मग वस्तू दाखवायची, असा नियम आहे," तो म्हणाला. "काही खूण?"

"मोरपंखी लोकर. दुसरी बाही कोपरापर्यंत. गळ्याशी एक टाका चुकलाय, आई गप्पा मारत विणायची ना. आणि शेवटची ओळ... अर्ध्यावर थांबलीय."

तो आत गेला, पिशवी घेऊन आला, पण ती लगेच पुढे सरकवेना.

"ती ओळ आता पूर्ण आहे," तो हळूच म्हणाला. "पिशवी आली तेव्हा एक सुई निघाली होती. टाके खाली उसवत चालले होते. उचलून घेतले, ओळ पुरी केली. सगळे टाके एका सुईवर आले की सुटत नाहीत. मला आत्यानं वाढवलं, विणणंही तिनंच शिकवलं. नियमात बसत नाही हे... पण बघवेना."

तिनं बाही उलगडली. आईचे सैल, मऊ टाके अर्ध्या ओळीपर्यंत. पुढे परक्या हाताचे, घट्ट.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" ती म्हणाली. "आईचे शेवटचे टाके होते ते."

त्यानं वाद घातला नाही. "माझे उसवतो. कुठून सुरू होतात ते ठाऊक आहे मला."

त्यानं लोकरीचं टोक धरलं. तिला दिसलं — बाही पुन्हा अर्ध्या ओळीवर, स्वेटर मांडीवर, गाडी, किटली. पुढच्या थंडीतही तेच. आणि त्याच्या पुढच्याही.

"थांबा," ती म्हणाली.

बोटं थांबली. तिनं त्या घट्ट टाक्यांवरून बोट फिरवलं.

"इतकं घट्ट का विणता?"

"समोर गप्पा मारायला कुणी नसतं."

तिला हसू आलं, आणि डोळे भरले ते त्याच हसण्यात. फळीवरच्या फोनमधून आवाज येत होता. ताईनं ठेवलाच नव्हता. "अगं, दगड काय म्हणतोय?"

"विणतो म्हणे," ती म्हणाली आणि फोन बंद केला. मग त्याच्याकडे न बघता, "पुढचं... विणाल? मी बसते इथेच. बोलायला."

"जेवणाची सुट्टी आहे आता," तो म्हणाला, "पण डबा काही पळून जात नाही."

खिडकी लावून तो बाहेरच्या बाकावर आला. त्यानं सुया हातात घेतल्या. ती आधी अडखळत, मग भडाभडा बोलत सुटली... कवळ्यांबद्दल, गाडीतल्या आजींबद्दल, आईबद्दल. तो कधी हुंकार देई, कधी विणता विणता मान वर करून तिच्याकडे बघत राही.

दुसऱ्या ओळीत एक टाका चुकला. त्याला दिसला, तिलाही दिसला.

कुणीच तो उसवला नाही.