फुली मारलेला दगड

मंगळवार, अकरा नोव्हेंबर, रात्रीचे सव्वादहा. शेफील्डमध्ये नदीकाठी सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा एक बंद पडलेला कारखाना. त्याचं मागचं आवार.

म्हातारा सिरिल हाउस्ली हे पबमध्ये, गर्दी पांगल्यावर, पोरांना जवळ बसवून सांगतो. ऐकीव नाही. मॉरीन स्टॅनिफर्थ त्याची शेजारीण, तिनंच त्याला सांगितलेलं.

मॉरीन गेली होती फोटो काढायला. तिच्या आजीचे आजोबा इनॉक याच कारखान्यात धार लावायचे. फिरता दगड फुटून ते गेले, शेजारी बसलेला माणूसही गेला. मालकांनी चौकशीत सांगितलं, इनॉक प्यायलेला होता, दगड न तपासताच त्यानं यंत्रावर चढवला. मेलेला माणूस काय उलट बोलणार? आता मालकांच्या वारसांनी तेच वाक्य पितळी पाटीवर कोरून घेतलं होतं. सकाळी पाटी भिंतीवर चढणार होती, आणि ते खोटं ठरवायला मॉरीनच्या हाती काहीच नव्हतं. फुटलेल्या दगडाचा अर्धा तुकडा तेवढा आवाराच्या भिंतीत चिणलेला होता.

दिवसा तिला आत घेत नव्हते. रात्रपाळीचा राखणदार ट्रेव्हर शाळेतला सोबती, त्यानं दार उघडलं. पण पगार त्याला मालकांचा. मॉरीनचा त्याच्यावर अर्धाच विश्वास.

"आटप लवकर," तो म्हणाला. "तुझ्या त्या इनॉकपायी माझी नोकरी जायची." आणि चहा करायला गेला.

मॉरीननं बॅटरी दगडावर धरली. जुने कारागीर दगड चढवण्याआधी तो दोराला टांगून हातोडीनं चहूकडून वाजवायचे. चांगला दगड घंटेसारखा वाजतो. तडा गेलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की त्यावर खडूची फुली. फुली मारली की चढवायचं नाही, मग मालक का सांगेना. इनॉकनं हे चुकवलं असेल, हे तिला पटत नव्हतं.

टक्.

भिंतीतून आला आवाज. ती वैतागली. मला पळवून लावायचे धंदे.

"ट्रेव्हर, पुरे झालं."

"काय पुरे?"

तो तिच्या मागे उभा होता. दोन्ही हातांत चहाचे मग.

टक्... मग शांतता. वाजवून कुणी कान द्यावा, तशी.

टक्...

आवाज दगडाच्या कडेनं सरकत होता. मोडलेल्या कडेपाशी आला. थांबला. मग पुढे गेला... विटांवर. दगडाचा दुसरा अर्धा भाग जिथे असता, तिथे.

बद्द... बद्द...

गोल पुरा झाला.

"घूस असेल," ट्रेव्हर म्हणाला.

"हातोडी घेऊन?"

चहा ट्रेव्हरच्या बुटांवर सांडत होता.

पहार शेवटी त्यानंच आणली. चुना निखळला, दगड पुढे कलला. मागच्या अंगाला खडूची फुली होती. अर्धीच. मोडलेल्या कडेपाशी तुटलेली. म्हणजे दगड फुटण्याआधीची. मागच्या चुन्यातही तिचा ठसा उमटला होता. इनॉकनं दगड वाजवला होता, फुलीही मारली होती. तरी तो कुणीतरी चढवायला लावला.

सकाळी वारसांचा व्यवस्थापक हसला. दोघांनी मिळून रात्री चित्रं काढलीत, म्हणाला. चुन्यातल्या ठशाकडे त्यानं वाकूनसुद्धा पाहिलं नाही. फुली मारलेला दगड कुणी चढवायला लावला, असं मॉरीननं पाटीसाठी जमलेल्या सगळ्यांदेखत विचारलं. त्याचं उत्तर वारसांनी आजतागायत दिलेलं नाही.

"पाटी आणा," व्यवस्थापक म्हणाला.

पाटी कोरणाऱ्याकडून कापडात गुंडाळून, वर लाखेचा शिक्का मारून आली होती, तेव्हापासून तिजोरीत होती. कापड सुटलं.

पितळेवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, खडूची फुली होती.

ती पाटी कुणी चढवली नाही. तिजोरीची किल्ली व्यवस्थापकाच्याच खिशात होती. आणि शिक्का त्यानंच, सगळ्यांसमोर, नुकता फोडला होता.